तळ्याकाठचे पत्रे कधी निघणार? सोलापूरकरांच्या प्रश्नाला एका अभियंत्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात आमच्या घराजवळच्या तळ्याचं सुशोभीकरण गेली चार वर्षं चालू आहे. सगळीकडे निळे पत्रे, अर्धवट भिंत, उघड्या सळया, उखडलेला वॉकिंग ट्रॅक. जिथे काम झालं तिथले ब्लॉक वरखाली झालेत. पाणी होतं तसंच हिरवं. सकाळी फिरायला जागा नाही, संध्याकाळच्या भेळेच्या गाड्याही गेल्या. ‘काम लवकर पूर्ण करा’ असं सह्यांचं निवेदन देणार आहोत. एवढा वेळ का लागतो? सगळा भ्रष्टाचारच आहे का? आणि निवेदनात आणखी काय लिहावं?

तळ्याचं नाव तुम्ही दिलंय, ते मी मुद्दाम गाळतो. तळी, घाट आणि नदीकाठांच्या कामांवर सल्लागार म्हणून माझं आयुष्य गेलं, तेही बहुतेक आपल्यासारख्या कमी पावसाच्या पट्ट्यात. तुम्ही वर्णन केलेलं चित्र मी इतक्या गावांत पाहिलंय की एकाच तळ्याला त्याचं श्रेय देणं अन्याय होईल.

सुरुवात निवेदनापासूनच करू. त्यातलं ‘लवकर पूर्ण करा’ हे वाक्य काढून टाका. ही मागणी प्रशासनाला सगळ्यात सोयीची असते. मार्च जवळ आला की काँक्रीटच्या गाड्या लागतात, उरलेली भिंत उभी राहते, रेलिंग बसतं, दिवे लागतात, फीत कापली जाते आणि पाणी तसंच राहतं. मग कुणीतरी म्हणतं की ड्रेनेजची लाइन राहिली, आणि नवाकोरा ट्रॅक पुन्हा खणला जातो. घराला रंग देऊन झाल्यावर नळाच्या पाइपसाठी भिंत फोडावी तसला हा प्रकार. तुमची खरी तक्रार वेगाची नाही, क्रमाची आहे. निवेदन क्रमाबद्दल द्या.

क्रम उलटा का होतो, याचं उत्तर अंदाजपत्रकात असतं. सरकारी काम आयटमने चालतं. काँक्रीट इतके घनमीटर, पेव्हर ब्लॉक इतके चौरस मीटर, रेलिंग इतके रनिंग मीटर. प्रत्येकाचा दर दरसूचीत छापलेला असतो, मोजमाप टेपने होतं, मोजमाप पुस्तकात नोंद होते, बिल निघतं. यात कुणाला काही सिद्ध करावं लागत नाही. आता गाळ घ्या. गाळ मोजायचा म्हणजे काढण्याआधी तळाच्या पातळ्या घ्यायच्या, काढल्यावर पुन्हा घ्यायच्या आणि दोन छेदांमधला फरक काढायचा. मधे पाऊस पडला तर सगळा हिशेब वादात. ओला गाळ डंपरवर मोजला तर अर्धं पाणीच मोजलं जातं. त्यावर ऑडिटचा शेरा आला की अभियंत्याची पेन्शन अडकते. मग शहाणा अभियंता काय करतो? गाळ ‘टप्पा दोन’मध्ये टाकतो. नाला अडवून मैलापाणी वळवायचं काम तर बहुतेक वेळा या निविदेतच नसतं. ते ड्रेनेज विभागाचं, त्यांचा निधी वेगळा, त्यांचा सल्लागार वेगळा.

म्हणून तुम्हाला आधी दिसतो काठ. काठ दिसतो, काठाचा फोटो निघतो, काठाचं बिल निघतं.

पाणी हिरवं का, हे मात्र तुम्ही स्वतः तपासू शकता, आणि त्यासाठी सोलापुरात एक सोय आहे जी पुण्या-मुंबईत नाही. आपल्याकडे उजनीचं पाणी रोज येत नाही. दिवसाआड नव्हे, त्याहूनही जास्त दिवसांच्या पाळीने येतं. तळ्याला मिळणारा पावसाळी नाला शोधा आणि एप्रिल-मेमध्ये, पावसाचा थेंब नसताना, दोनदा बघा: एकदा वरच्या पेठेत पाणी न येण्याच्या दिवशी आणि एकदा पाणी येण्याच्या दिवशी. भर उन्हाळ्यात नाला वाहतोय म्हणजे ते पावसाचं पाणी नाहीच. आणि पाणी यायच्या दिवशी त्याची धार वाढली, त्यावर साबणाचा फेस आला, तर त्या पेठेतल्या मोऱ्या आणि संडास कुठे जोडलेत हे वेगळं सांगायला नको. तारीख दिसेल असे फोटो काढा. या दोन फोटोंइतका बिनतोड पुरावा मी कुठल्याही प्रकल्प अहवालात पाहिलेला नाही.

त्या पाण्यातून नत्र आणि स्फुरद येतं. आपल्याकडे ऊन भरपूर, तळं उथळ, पाणी कोमट, मग शेवाळ फोफावतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री उलट खातं. पहाटे पाण्यातला प्राणवायू अगदी कमी होतो आणि मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ वासतात. एखाद्या ढगाळ दिवसानंतर ते पलटी होऊन काठाला लागतात, मग ‘विषप्रयोग झाला का’ अशी चर्चा होते. यावर कारंजी बसवतात. कारंज्याने थोडी हवा मिसळते, पण नाला चालू ठेवून कारंजं लावणं म्हणजे विजेचं बिल वाढवणं. जलपर्णी काढणाऱ्या यंत्राचंही तसंच. अन्न मिळतंय तोवर ती परत येणार.

उपाय अवघड नाही. नाला तळ्यात शिरतो त्याच्या अलीकडे एक बुटका बांध घालायचा. कोरड्या दिवसांतलं थोडं पाणी त्याच्या मागे अडून पाइपने ड्रेनेजला जातं. पाऊस आला की बांधावरून पाणी तळ्यात पडतं. जमेल तिथे हे उताराने न्यावं. पंपावर ठेवलं तर वीज गेली की मैला तळ्यात, आणि वीज जातेच. त्याहून चांगलं करायचं तर बेंगळुरूच्या जक्कूर तळ्यासारखं: तिथे शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी आधी पाणवनस्पतींच्या दलदलीतून फिरवतात आणि मग तळ्यात सोडतात. सोलापूरसारख्या कोरड्या गावाला हे फार उपयोगाचं आहे, कारण सगळं पाणी वळवलं तर उन्हाळ्यात तळं कोरडं पडेल ही भीती खोटी नाही.

इथे साबरमतीच्या नदीकाठ सुशोभीकरणाचा विषय निघतोच, म्हणून सांगून टाकतो. अहमदाबादने त्यासाठी 1997 मध्ये वेगळी कंपनी काढली, प्रत्यक्ष काम 2005 मध्ये सुरू झालं आणि काठ लोकांना फिरायला खुला झाला तो 2012 मध्ये. म्हणजे वेळ त्यांनाही लागला. पण तिथे शहरात जे भरलेलं पात्र दिसतं ते नर्मदा कालव्याचं पाणी आहे, खाली वासणा बंधाऱ्याने अडवलेलं. शिवाय काठावरच्या हजारो झोपड्या उठवाव्या लागल्या, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्याला प्यायचं पाणी पाळीने येतं. शोभेसाठी तळ्यात सोडायला कोणती नर्मदा आणणार? कुणी तसलं चित्र दाखवलं तर पाणी कुठून येणार एवढंच विचारा.

आता वरखाली झालेल्या ब्लॉकबद्दल. हा सोलापूरचा खास आजार आहे आणि त्यात मक्तेदाराइतकाच दोष नकाशा काढणाऱ्याचा असतो. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की त्या भेगेत हात जातो. तळ्याच्या काठावर तर एक बाजू कायम ओली आणि दुसरी कायम कोरडी. अशा मातीवर थेट वाळूचा थर देऊन ब्लॉक बसवले की दुसऱ्या पावसाळ्यात फरशीला लाटा येतात. करायचं काय, हे जुन्या गवंड्यांनाही माहीत आहे: काळी माती काढून टाकायची, न फुगणारा मुरूम थराथराने पाणी मारून रोलरने दाबायचा, वर खडीचा थर, मग वाळू आणि ब्लॉक, दोन्ही कडांना पक्की कर्ब, म्हणजे ब्लॉक सरकू न देणारी कडेची पट्टी. मक्तेदार ब्लॉकमध्ये फार पैसे वाचवत नाही, कारण ब्लॉक दिसतो. वाचवतो तो मुरमात आणि दाबाईत.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. दहा फूट लांबीची सरळ फळी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी ब्लॉकवर आडवी ठेवा आणि खाली किती फट राहते ते बघा. जिथे बोट जातं तिथे दाबाई झालेली नाही. एक सुटलेला ब्लॉक उचलून जाडी मोजा: चालण्याच्या जागेला साधारण 60 मिमी, वाहनं येणार असतील तर किमान 80 मिमी. ब्लॉकखालची वाळू ओली चिखलासारखी असेल तर पाण्याला निघायला वाट ठेवलेली नाही.

भिंतीचंही तेच. भिंतीमागच्या भरावात पाणी साठतं आणि भिंतीला तळ्याकडे ढकलतं. ते निघून जावं म्हणून भिंतीत भोकं ठेवतात आणि मागे खडीचं फिल्टर भरतात. एका शहरात (नाव नको) भिंत ‘स्वच्छ दिसावी’ म्हणून ती भोकं गिलाव्याने बुजवलेली मी पाहिलीत. पाऊस झाला आणि भिंत तळ्याकडे कलली. तुमच्या तळ्याच्या भिंतीला भोकं आहेत का, आणि पावसानंतर त्यातून पाणी येतं का, बघून ठेवा. उघड्या सळयांची काळजी मात्र रास्त आहे. चार पावसाळे खाल्लेल्या सळईवर तसंच काँक्रीट ओतायचं नसतं. तारेच्या ब्रशने गंज काढायचा, जाडी मोजायची, झीज जास्त असेल तर नवी सळई जोडायची. हे लेखी विचारा. शिवाय त्या सळयांना वर टोप्या नाहीत, आणि पोरं तिथे खेळतात.

मुळात भिंत हवी होती का, हा माझा लाडका वाद आहे. सोलापूरची तळी उताराच्या काठाची होती. कंबर तलाव, म्हणजे आताचा धर्मवीर संभाजी महाराज तलाव, किंवा हिप्परग्याचा एकरुख बघा: पाणी जसं ओसरतं तसा ओला चिखलाचा पट्टा उघडा पडतो, आणि पाणपक्ष्यांचं पोट त्या पट्ट्यावर चालतं. उभी काँक्रीटची भिंत घातली की तो पट्टा संपतो. शिवाय उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की उघडी भिंत आणि तिच्यावर शेवाळाचे काळे पट्टे तेवढे दिसतात. दगडी पिचिंगचा, म्हणजे दगड रचून केलेला, उतार किंवा घाटासारख्या पायऱ्या पाणी कुठेही असलं तरी बऱ्या दिसतात. सिद्धेश्वर तळं, परंपरेप्रमाणे, सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात श्रमदानातून खोदून घेतलं. तिथे उभं राहून किल्ल्याच्या तटाकडे आणि मग एखाद्या स्टीलच्या रेलिंगकडे बघा. कुरूप कशाला म्हणायचं हे मी वेगळं सांगत नाही. (फायबरच्या प्राण्यांवर आणि सेल्फी पॉइंटवर मी काहीच बोलणार नाही, रक्तदाब वाढतो.)

आणि सावली! आपला मे महिना कसा असतो हे प्रकल्पाचं चित्र काढणाऱ्याला ठाऊक नसतं. चित्रात नेहमी संध्याकाळ असते. ग्रॅनाइटची बाकं दुपारी तव्यासारखी तापतात आणि रात्री नऊपर्यंत गरम राहतात. पाम लावतात, त्याला सावली नाही. कडुनिंब, करंज, वड, उंबर काठाच्या आतल्या बाजूला लावा आणि काम सुरू व्हायच्या आधी लावा, म्हणजे भिंत पूर्ण होईतो झाड डोक्यावर येतं. झाडं सगळ्यात शेवटी लावायची ही पद्धत कुठून आली कुणास ठाऊक.

आता वेळ. काही उशीर खरा असतो, तो मान्य करायला हवा. काठाचं काम पाणी खाली असतानाच होतं, म्हणजे फेब्रुवारी ते मे. जूनपासून पाऊस. तळं सिद्धेश्वर असेल तर जानेवारीत गड्डा यात्रा असते. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आणि होम मैदानावरची गर्दी असताना तिथे कुणी खोदकाम करू नये, आणि करतही नाही. भुईकोट किल्ला केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, आणि कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. सिद्धेश्वर तळ्याचा एक काठ किल्ल्याला लागूनच आहे. परवानगी नसताना नकाशा काढून निविदा काढली की काम मधेच थांबतं. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर नवी कामं आणि वाढीव मंजुऱ्या आणखी अडतात.

काही उशीर पैशाचा असतो. निधी हप्त्याने येतो. पहिला हप्ता खर्च झाल्याचा दाखला गेल्याशिवाय दुसरा येत नाही. मक्तेदाराने अंदाजपत्रकापेक्षा बऱ्याच कमी दराने काम घेतलेलं असतं. त्याचं बिल अडकलं की तो माणसं दुसऱ्या साइटवर नेतो आणि पत्रे इथेच ठेवतो, कारण पत्रे असले की ताबा त्याचा राहतो आणि मुदतवाढ मागता येते. मुदतवाढ दंडासह की दंडाशिवाय दिली, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

आणि काही उशीर घर कुणाचं हेच ठरत नसल्यामुळे. सोलापूर जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत आलं. त्या योजनेची रचनाच अशी की बांधणारी कंपनी वेगळी आणि सांभाळणारी महापालिका वेगळी. मिशन 31 मार्च 2025 ला संपलं. अशा कामांत हस्तांतरणाचा कागद हा सगळ्यात महत्त्वाचा कागद असतो: तो झाला नसेल तर दिवा गेल्यावर कुणाला फोन करायचा हे कुणालाच माहीत नसतं. त्यात 2022 च्या मार्चपासून 2026 च्या जानेवारीतल्या निवडणुकीपर्यंत पालिकेत प्रशासक होते. वॉर्डातला प्रश्न सभागृहात विचारायला नगरसेवकच नव्हता. आता आहेत, त्यांना कामाला लावा.

भ्रष्टाचार आहे का? असेल. पण ‘सगळा भ्रष्टाचार आहे’ असं लिहिलेलं निवेदन फाइलला लागतं आणि तिथेच झोपतं. कुठला आयटम, किती मोजमाप, कुणाची सही असं विचारलेलं निवेदन कुणालातरी उत्तर द्यायला लावतं.

तेव्हा आधी माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून पाल्हाळ नको. कागदांच्या प्रती मागण्यापेक्षा पाहणी मागा. या कायद्यात नुसते कागदच नाही तर प्रत्यक्ष काम पाहण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. फार थोडे लोक तो वापरतात. पाहणीत चार गोष्टी शोधा: मंजूर नकाशातला काठाचा छेद, आयटमची यादी, मुदतवाढीचे प्रस्ताव आणि दोषदायित्वाचा कालावधी कधी संपतो ती तारीख. शेवटची गोष्ट घाईची आहे. तो कालावधी चालू असेल तर वरखाली झालेले ब्लॉक मक्तेदाराने स्वखर्चाने काढून बसवायचे असतात. आयटमच्या यादीत नाल्याचा बांध आणि गाळ आहे का बघा. नसेल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

मग निवेदन लिहा, एका पानाचं. नाल्याचे दोन फोटो जोडा. मागण्या अशा: नाला वळवल्याशिवाय आणि पहिल्या पावसात ते चालतं हे दाखवल्याशिवाय काठावर नवं काँक्रीट नको. गाळ काढायचा तो पातळ्या घेऊन, आणि त्या पातळ्या तळ्यावरच्या फलकावर लिहून. गाळ शेतात टाकायचा विचार असेल, आणि ‘गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेच्या नावाखाली तो होतोच, तर आधी तपासणी करून, कारण शहरातल्या मैल्याचा आणि कापड रंगवण्याच्या सांडपाण्याचा गाळ गावाकडच्या धरणाच्या गाळासारखा नसतो. काम सगळ्या काठावर एकदम उघडून ठेवायचं नाही: शंभर-शंभर मीटरचा तुकडा पूर्ण करायचा, पत्रे काढायचे, लोकांना द्यायचा, मग पुढचा. राहिलेल्या भागाला पत्र्याऐवजी जाळी लावा, म्हणजे आत काम चालू आहे की नाही हे रस्त्यावरून दिसतं. पायवाट आणि एक घाट कायम उघडा. गाडीवाल्यांना तात्पुरती जागा आत्ताच आखून द्या, उद्घाटनानंतर नाही, कारण तोवर ते परत येत नाहीत आणि संध्याकाळी काठ ओस पडतो.

या मागण्यांनी काम आणखी सहा-आठ महिने लांबेल, हे तुमच्या लोकांना सह्या घेतानाच सांगा. नाहीतर पुढच्या मार्चमध्ये कुणीतरी रेलिंग लावून देईल आणि अर्धे सह्या करणारे त्यावरच खूश होतील.

निवेदन आयुक्तांना द्या, पण प्रत ड्रेनेज विभागाला आणि उद्यान विभागाला स्वतंत्र द्या, आणि तिन्हीकडून पोच घ्या. त्यांची बैठक तळ्यावरच लावायला सांगा, पाणी येण्याच्या दिवशी, सकाळी.